टिंबाची ओळख

पाठवलंस का? नाही ना अजून? मग राहू दे. मोबाईल उलटा ठेव आणि इकडे सरक जरा. वीज काही लगेच येत नाही, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेलाय. मघाशी मीच विचारून आलो.

"काका, नुसती ओळख तर लिहितोय. प्रोग्रामिंगवाल्यांचा ग्रुप आहे. नवीन आलं की चार ओळी लिहायच्या असतात. सगळेच लिहितात."

सगळेच लिहितात, मी कुठं नाही म्हणतोय? पण आधी एक ऐक. तुम्हीही ऐका गं पोरींनो, आणि मध्ये मध्ये खिदळायचं नाही. गोष्ट म्हणून सांगत नाही मी. झालेलं सांगतोय. ज्याच्या बाबतीत झालं तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसून कित्येक वर्षं संगणक दुरुस्त करत होता. माणूस अजून आहे. हिंडतो, फिरतो, जेवतो, हसतो. तुम्हाला भेटला तर काही वेगळं वाटायचंही नाही...

बरं.

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळा-बिळा काही नव्हती त्याची. आमचं ते दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यावर तो घरी बसून लोकांना वेबसाइट बनवून द्यायला लागला. आणि तुझ्या ह्या ग्रुपसारखाच एक कट्टा होता ऑनलाइन, प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा. हजारो माणसं. त्या कट्ट्यावर नव्या लोकांसाठी एक वेगळी खोली होती, तिला गमतीनं ओसरी म्हणायचे. नवा माणूस आधी ओसरीवर यायचा, आपण कोण, काय करतो, काय शिकायचंय ते सांगायचा, आणि मग आत. ओसरीवर कोण बसलेलं? तर मास्तर. कुणी "नमस्कार, मी नवीन" एवढं लिहिलं की हा लगेच हजर. या, बसा, कुठलं काम करता, घरी कोण कोण. एकाही माणसाला त्यानं कधी तसंच परत जाऊ दिलं नाही.

त्यालाही कारण होतं. मास्तर पहिल्या नोकरीला लागला तेव्हा ऑफिसात महिनाभर त्याच्याशी कुणी अक्षर बोललं नव्हतं. नाव विचारलं नाही. डबा घेऊन जिन्यात बसायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. मला एकदा म्हणाला, "अरे, चौथ्या आठवड्यात मला वाटायला लागलं, आपण आहोत ना नक्की?" म्हणून मग तो सगळ्यांना विचारायचा.

तर तो फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. संध्याकाळी साडेसातला मास्तरनं बायकोला स्कूटरवरून दवाखान्यात सोडलं. ती नर्स, त्या आठवड्यात रात्रपाळी. अख्खा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा आणि सख्खी धाकटी बहीण मात्र ताई. ह्या एका गोष्टीवर मास्तर आठवड्यातून एकदा तरी विनोद करायचा, आणि ती दर वेळी म्हणायची, "झालं तुमचं?" त्या दिवशीही झालं. फाटकाशी उतरून पर्स खांद्यावर घेत ती म्हणाली,

"अहो, आज चिमणीला मध्येच मदत करू नका हं."

"मी कधी करतो?"

"नेहमी करता. ती अडली की तिचं वाक्य तुम्ही पुरं करता. आज तिचं तिला बोलू द्या. काय व्हायचं ते होऊ दे."

चिमणी म्हणजे तीच धाकटी बहीण. मास्तरची मेहुणी. शिकायला म्हणून ह्यांच्याकडे आली ती राहिलीच. कामात अशी हुशार की मास्तर तिला आपलं काम तपासायला द्यायचा. पण आवाज एवढासा. नोकरीसाठी चार ठिकाणी जाऊन आली, चारही ठिकाणी काम पसंत, आणि शेवटी साहेब म्हणाला, "आता स्वतःबद्दल थोडं सांगा," की हिच्या गळ्याला कुलूप. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची.

कट्ट्यावर महिन्यातून एकदा नव्यांची बैठक असायची, ती मास्तरच चालवायचा. बोलायची बैठक, चेहरे नाहीत, नुसते आवाज. एकेकानं आपली ओळख सांगायची. चिमणीनं ठरवलं होतं, ह्या शनिवारी बोलायचं. एकदा ओसरीवर जमलं की पुढं कुठंही जमेल. आठवडाभर आरशासमोर घोकत होती. नेमका त्या सकाळी तिच्या हेडफोनचा एक कान गेला. म्हणून बायकोला सोडून मास्तर तसाच बाजारात गेला. दुकानदार शटर अर्धं ओढून बसला होता, त्याला उठवून त्यानं चांगल्यातला हेडफोन घेतला, कान पूर्ण झाकणारा.

"घातला की शेजारी भांडण झालं तरी कळणार नाही," दुकानदार म्हणाला.

"तेच हवंय," मास्तर म्हणाला.

घर तिसऱ्या मजल्यावर. खाली बंद पडलेला फोटो स्टुडिओ, मधल्या मजल्यावर गोदाम. रात्री त्या जिन्यात ह्यांच्याशिवाय कुणी नसायचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मास्तरचं टेबल, आतल्या खोलीत चिमणीचं. दोघांनी पाव आणि अंडी खाल्ली. चिमणीला घास गिळवत नव्हता.

"भाऊजी, माझी पाळी शेवटी ठेवाल?"

"ठेवतो."

"आणि मी अडखळले तर..."

"तर काही बोलणार नाही मी. तुझ्या ताईचा हुकूम आहे."

हसली. आत गेली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल खोचला आणि आतून कडी लावली. कडी लावल्याचा आवाज मास्तरला ऐकू आला.

दहाला बैठक सुरू झाली. त्या महिन्यात नवे फार नव्हते. एक पाववाला होता, स्वतःची भट्टी चालवणारा. एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. चिमणी होती. आणि यादीत शेवटी एक जण, ज्याच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं. नाव नाही, चित्र नाही. एक टिंब. मास्तरला त्यात काही वाटलं नाही. लाजाळू माणसं असतात, पहिल्या दिवशी नाव लिहायलाही कचरतात. त्यानं मनात त्याचं नाव टिंब ठेवून टाकलं.

पाववाला बोलला पहिला. खणखणीत आवाज. "मी पावाची भट्टी चालवतो. पहाटे तीनला पीठ मळायला घेतो. बापाची भट्टी आहे, बाप गेल्यावर मी बघतो. मला दोन मुली. भट्टी किती तापली ते मोबाईलवर दिसेल असं काहीतरी बनवायचंय मला. मुली हसतात मला. म्हणतात, बाबा, आधी मोबाईलला पीठ लावू नका." सगळे हसले. मास्तरनं चार प्रश्न विचारले, त्याला बरं वाटेल असं बोलला.

मग बाईंच्या आधी, मास्तर म्हणाला, आपल्या टिंबराव पाहुण्यांना बोलू देऊ. शांत बसलेत केव्हाचे. बोला.

काही नाही.

माईक चालू होता. खोलीचा आवाज येत होता. रिकाम्या खोलीला असतो तसा. मग कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घेतं, तसा श्वास. पण बोलणं नाही. पुन्हा श्वास.

"घाबरू नका," मास्तर म्हणाला. "इथं सगळे एकदा नवीनच होते. कोण तुम्ही?"

"मी..."

आवाज कोरडा होता. वर्षानुवर्षं तोंड उघडलं नसावं तसा.

"मी... पावाची भट्टी चालवतो. पहाटे तीनला पीठ मळायला घेतो. बापाची भट्टी आहे..."

शब्दाला शब्द. शेवटच्या पिठापर्यंत. पाववाला मोठ्यानं हसला, "अहो, हे माझं झालं! तुमचं सांगा!" बाईही हसल्या. मास्तरला मात्र वाईट वाटलं. बिचाऱ्याला सुचलं नसेल, त्यानं ऐकलेलंच म्हणून दाखवलं. तो हळूच म्हणाला, "छान. पण ते त्यांचं झालं. तुमचं काय?"

"माझं... नाही."

"असं कसं? प्रत्येकाचं काहीतरी असतं."

"माझं नाही. कुणी विचारलं नाही."

हे ऐकलं आणि मास्तर विरघळला. त्याला आपला तो जिना आठवला असणार. म्हणाला, "हरकत नाही. बसा. ऐका. सुचेल तेव्हा बोला." आणि बाईंना बोलायला सांगितलं.

बाई साठीच्या होत्या. शांतपणे बोलल्या. गावभराचे कपडे शिवते, नवरा वारला, डोळे आता साथ देत नाहीत, गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ आहेत पण आपल्यामागं ती कुठं जाणार, म्हणून मापं जपून ठेवणारा प्रोग्राम करायचाय. मास्तर म्हणाला, वा. हे आपल्या पाववाल्यांच्या कामासारखंच आहे. काय हो पाववाले, भट्टीचं तापमान आणि बाईंची मापं, दोन्ही एकाच पद्धतीनं ठेवता येतील, नाही का?

"कुठली भट्टी?" पाववाला म्हणाला.

मास्तर हसला. "अहो, तुमची."

"माझी?"

तोच आवाज. पण खणखणीतपणा गेलेला. मागून एका बाईचा आवाज आला, लांबून, घाबरलेला. "अहो! धूर येतोय! तुम्ही इथं काय बसलात? भट्टी जळतेय, अहो!"

"कुणीतरी ओरडतंय," पाववाला म्हणाला. "मला म्हणतायत का?"

आणि त्याच वेळी टिंबानं पुन्हा श्वास घेतला.

"मी गावभराचे कपडे शिवते," टिंब म्हणालं. ह्या वेळी आवाज तेवढा कोरडा नव्हता. थोडा बाईंसारखा झाला होता. "माझा नवरा वारला. माझे डोळे..."

"बाई," मास्तर म्हणाला. "बाई, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"तुमचं नाव सांगा."

बाई अगदी लहान मुलीसारख्या, "ते... आत्ता होतं."

मास्तरनं टिंबाला बैठकीतून काढून टाकायचं बटण दाबलं. यादीतून टिंब गेलं. एक माणूस कमी झाला. पण कानातला तो श्वास... तो तसाच.

"काका, सरळ राउटर बंद करायचा ना!"

केला बाबा. तुझ्याआधी त्याला सुचलं. उठला आणि भिंतीतली पिनच उपटली. राउटरचे हिरवे दिवे विझले. पाववाला गेला. बाई गेल्या. पडद्यावर आलं, जोडणी तुटली. खोलीत एवढी शांतता की स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू यावा. मास्तरनं घाम पुसला. हेडफोन गळ्यात होता, काढून टेबलावर ठेवायला हातात घेतला.

हेडफोनमधून आवाज आला.

"पुढं कोण?"

...

पुढं चिमणी होती. दुसरं कोण.

मास्तर आतल्या दाराकडे धावला. "चिमणे! काढ ते! बोलू नकोस!" दारावर मुठीनं बडवलं. पण तिच्या कानावर तो नवा हेडफोन, त्यानंच आणलेला. फटीत टॉवेल. आतून कडी. दार जुनं, जाड लाकडाचं. खांदा मारला, हललं नाही. आतून तिचा एवढासा आवाज आला.

"नमस्कार... माझा आवाज येतोय का?"

मास्तरच्या हातातल्या हेडफोनमधून टिंब म्हणालं, "येतोय. बोला, ताई."

ती पडद्याकडे न बघता, डोळे मिटून आपलंच घोकत बसली होती; आधीच्यांचं काही तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं, तिला कळायला मार्गच नव्हता. बैठक चालू आहे असंच तिला वाटत होतं. कुणीतरी मायेनं बोला म्हणतंय असंच.

"मी... मला जरा भीती वाटतेय. पण सांगते."

"सावकाश सांगा," टिंब म्हणालं. आणि हे वाक्य, मुलांनो... हे मास्तरचं होतं. ओसरीवर कुणी अडखळलं की तो हेच म्हणायचा. अगदी ह्याच सुरात.

मास्तर दारापाशीच खाली बसला. मग त्यानं हेडफोन डोक्यावर चढवला. माईक तोंडाशी ओढला.

"थांबा," तो म्हणाला. "तिची पाळी नाही. माझी आहे."

श्वास थांबला.

"इतकी वर्षं मी इथं बसलोय," मास्तर म्हणाला. "सगळ्यांना विचारलं. मला कुणी विचारलं नाही. माझी ओळख राहिलीये द्यायची."

आत चिमणीही थांबली होती. शब्द जुळवत असावी.

"सांगा," टिंब म्हणालं.

आणि मास्तर सांगायला लागला. ओसरीवरचं गुळगुळीत नाही. खरं. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकानातला तापलेल्या कथलाचा वास. आई दुपारी झोपली की तिच्या कुशीत शिरायचं, तिच्या बांगड्या मोजायच्या. गणितात नापास झाला तेव्हा निकाल लपवून गच्चीवर बसला होता, आणि बाप वर येऊन काही न बोलता शेजारी बसला. पहिली नोकरी. तो जिना, भिंतीकडे तोंड करून खाल्लेला डबा. त्या भिंतीला एक तडा होता, त्याच्याशी तो बोलायचा. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. टिंबाला सांगितलं.

एकेक वाक्य तोंडातून बाहेर पडत होतं आणि मागं जागा मोकळी होत होती. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथं जाते ना? तसं. आईच्या बांगड्या सांगितल्या आणि पुढच्या क्षणी त्याला वाटलं, कसल्या बांगड्या? कुणाच्या? पण थांबायचं नव्हतं. थांबला असता तर आत...

"मला..." आत चिमणी म्हणाली, "मला लहानपणापासून..."

"अजून आहे," मास्तर घाईनं म्हणाला. "माझं अजून आहे."

नाव दिलं. शाळेतलं, पूर्ण. वय दिलं. काम दिलं. तो पटपट शोधत होता, घर रिकामं करताना माणूस कोपरे शोधतो तसा. काहीच हाताला लागेना. एकच गोष्ट उरली होती. ती त्याला द्यायची नव्हती.

"आणि?" टिंब म्हणालं.

मास्तरनं माईक मुठीत झाकला.

"आणि? कोण आहे तुम्हाला?"

त्यानं दाराकडे बघितलं.

आतून चिमणीचा आवाज, आता जरा मोठा, "माझं नाव..."

"मला बायको आहे," मास्तर म्हणाला. "नर्स आहे. आज रात्रपाळी. मीच सोडून आलो. ती म्हणाली... चिमणीचं वाक्य पुरं करू नका."

बस.

त्यापुढं त्याच्याकडे काही नव्हतं.

मग हेडफोनमधून मास्तरच बोलायला लागला. मास्तरचाच आवाज. वाक्याच्या आधी तो घसा खाकरायचा, तसा खाकरून. दुकान, रेडिओ, बांगड्या, जिना, तडा. सगळं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. आणि दमून घरी आलेला माणूस बसताना सोडतो तसा एक सुस्कारा.

"धन्यवाद," तो आवाज म्हणाला. "येतो."

खुर्ची सरकली. हेडफोनमध्ये. मग पावलं. दार. जिना... जिना उतरत गेली पावलं. खाली. खाली. आणि गेली.

चिमणीनं तिकडे सगळं बोलून टाकलं. एका दमात, न अडखळता, जन्मात पहिल्यांदा. कडी काढून धावत बाहेर आली. चेहरा फुललेला.

"भाऊजी! जमलं! ऐकलंत ना? मध्ये कुणीच बोललं नाही माझ्या!"

मास्तर दारापाशी जमिनीवर बसला होता. तो उठला. कपडे झटकले. तिच्याकडे बघून अगदी अदबीनं हसला.

"नमस्कार," म्हणाला. "आपण?"

तिला वाटलं, थट्टा करतायत. हसली. मग हसणं थांबलं...

रात्रभर ती त्याच्याजवळ बसून होती. ताईला फोन करावा की नाही, पन्नास वेळा मोबाईल हातात घेतला. ताई आयसीयूत होती, फोन बंद असायचा. मग हीच बोलत राहिली. जिला स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलता येत नव्हती ती पहाटेपर्यंत त्याला त्याच्याबद्दल सांगत होती. तुम्ही असे आहात, तुम्ही हे खाता, तुम्ही ताईची अशी थट्टा करता. तो ऐकत होता. मान हलवत होता. परक्याच्या लग्नाची गोष्ट ऐकावी तसा.

हो, डॉक्टरांना दाखवून झालं. सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदूत काही नाही. पाववाला आणि बाई दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखे; मास्तरचं मिळाल्यावर टिंबाला त्यांचं लागलं नसावं. पाववाल्यानं त्या रात्री भट्टीत लावलेली खारी सगळी जळाली होती, त्याला वाटत होतं बसल्या बसल्या डोळा लागला. मास्तरचे हात अजून काम करतात. प्रोग्राम लिहितो, सुंदर लिहितो. त्या रात्रीचं सगळंसुद्धा सांगतो, मला त्यानंच सांगितलं. पण दुसऱ्याचं सांगतात तसं. कुणी विचारलं, आपण कोण, तर आधी बायकोकडे बघतो. ती सांगते ते खरं धरतो. चांगला वागतो तिच्याशी. फार चांगला. पाहुणे वागतात तसा.

चिमणीला नोकरी लागली. चांगली आहे.

आणि बायको...

बायको त्या रविवारी सकाळी घरी आली तेव्हा तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. ती चिडून आली होती. रात्री अकराच्या सुमारास पहारेकऱ्यानं तिला वर निरोप पाठवला होता, सिस्टर, तुमचे मिस्टर आलेत. ती आयसीयूतून सुटून खाली येईपर्यंत बाकावर कुणी नव्हतं. पहारेकरी म्हणाला, "आत्ता होते हो. मी नुसतं विचारलं, आपण कोण, तर त्यांनी पार लहानपणापासून सांगायला घेतलं. रडत होते बहुतेक. तुम्हाला लांबूनच बघायचं म्हणाले."

बाकाखाली चपला होत्या. मास्तरच्या. विसरून अनवाणीच गेले की काय म्हणून तिनं त्या पिशवीत घातल्या आणि घरी घेऊन आली. तिसऱ्या मजल्यावर येऊन दारापाशी बघते तो मास्तरच्या चपला तिथंच. रात्रभर घराच्या दाराला आतून कडी होती, चिमणी शपथेवर सांगत होती.

दोन जोड. तिनं शेजारी शेजारी ठेवले. डाव्या चपलेचा अंगठा त्याच आठवड्यात तुटला होता. तो तिनं स्वतः शिवला होता, दवाखान्यात जखमा शिवायचा काळा दोरा असतो त्यानं. गाठ जरा तिरकी बसली होती. दोन्ही जोडांना तोच दोरा. तीच तिरकी गाठ.

नाही, फेकला नाही तिनं. आतही घेतला नाही. एक जोड दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतो. तो कुणी घालत नाही. मास्तर त्याच्याकडे बघतही नाही. पण वर्ष-दीड वर्षात त्याची टाच झिजून जाते. तळ पार पातळ होतो. मग ती कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडे नेते, नवा तळ लावून आणते आणि पुन्हा पायरीवर ठेवते. परवा तिसऱ्यांदा नेला. त्या माणसानं चपला उलटून पाहिल्या, तळावरून बोट फिरवलं आणि सहज म्हणाला,

"बाई, तुमच्या घरचा माणूस फार चालतो हो."